रमी बंद झाली, पण युद्धाच्या गेममधल्या सोडतीचं काय?

जुलै 2025 मध्ये विधान परिषदेतला एक व्हिडिओ व्हायरल झाला. तेव्हाचे कृषिमंत्री आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरचे आमदार माणिकराव कोकाटे सभागृहात बसून मोबाइलवर रमी खेळतायत, असा आरोप झाला. आपण खेळत नव्हतो, असा त्यांचा खुलासा होता. महिनाअखेरीस त्यांचं खातं बदललं. मिळालं ते क्रीडा खातं, आता बोला!

त्यानंतर तीनच आठवड्यांत केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा आला. 20 ऑगस्टला लोकसभा, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची सही. इतक्या वेगाने आपल्याकडे रस्त्यातला खड्डासुद्धा बुजत नाही. पैसे लावून खेळायचे गेम बंद. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि 50 लाख. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. ड्रीम11 ने लगेच पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

रमीवाल्यांचा विषय तिथे संपला. पण कॉलेज रोडच्या कट्ट्यावर मान खाली घालून बसलेली सगळीच पोरं काही रमी खेळत नसतात. बरीचशी लढाईत असतात. सैन्य उभं करायचं, सेनापती निवडायचे, त्यांची लेव्हल वाढवायची, एकेक चाल विचार करून खेळायची. याला स्ट्रॅटेजी आरपीजी म्हणतात. मग या गेमवर बंदी येणार का?

याआधी युद्धाच्या गेमवर बंदी आली होती, पण कारण वेगळं होतं. जून 2020 मध्ये बंद झालेल्या 59 अॅपमध्ये क्लॅश ऑफ किंग्ज होता, सप्टेंबरच्या 118 च्या यादीत पबजीसोबत राइज ऑफ किंगडम्स होता. तेव्हा मुद्दा चीनचा आणि डेटाचा होता. आताचा मुद्दा पैशाचा आहे. म्हणून आधी या गेममध्ये पैसा कुठून शिरतो, ते बघायला हवं.

सैनिक मरायचा तेव्हाची गोष्ट

या प्रकारातलं मोठं नाव म्हणजे जपानचा फायर एम्ब्लेम. पहिला भाग एप्रिल 1990 मध्ये आला. बुद्धिबळासारख्या चौकटींचा पट, पण प्रत्येक प्याद्याला नाव, चेहरा आणि स्वतःची कहाणी. आणि एक निष्ठुर नियम: लढाईत जो पडला, तो सहसा पुढच्या लढाईत नसायचा. कायमचा गेला. त्यामुळे एक चाल खेळायला माणूस दहा मिनिटं विचार करायचा. पुढच्या काही भागांत हा नियम ऐच्छिक झाला, तरी या गेमची खरी ओळख तीच राहिली. डाव लागायचा तो तुमच्या आवडत्या सैनिकाच्या जिवाचा.

फेब्रुवारी 2017 मध्ये याच मालिकेचा मोबाइल गेम आला, फायर एम्ब्लेम हिरोज. डाउनलोड फुकट. आता सैनिक कायमचा मरत नाही. पण हवा तो सैनिक मिळण्यासाठी सोडत काढावी लागते. गेममधले गोळे खर्च करायचे आणि नशिबात येईल तो योद्धा घ्यायचा. गोळे खेळून थोडे मिळतात, बाकीचे विकत. म्हणजे जोखीम पटावरून उठून तुमच्या पाकिटात गेली. गेमचं नाव अजून युद्धाचंच आहे, पण पैसा येतो तो या सोडतीतून.

या सोडतीला गाचा म्हणतात. जपानमध्ये नाणं टाकून मूठ फिरवली की बंद डबीत खेळणं मिळतं, त्या मशिनवरून आलेला शब्द. आपल्याकडे कालिकेच्या यात्रेत रिंग टाकायच्या स्टॉलवर जे होतं, तेच. फरक एवढाच की तिथे रिंग संपल्या की आई हात धरून ओढत नेते. फोनवर यूपीआयचा पिन तुमच्याच बोटात असतो.

आता जरा हिशोब. समजा हव्या त्या सेनापतीची शक्यता दर खेपेला 1 टक्का आहे. बहुतेकांना वाटतं, 100 वेळा काढलं की एकदा तरी येणारच. तसं नसतं. प्रत्येक खेप नवी असते, आधीची गेममध्ये मोजली जात नाही. 100 खेपांनंतरही साधारण 37 टक्के लोकांचा हात रिकामाच असतो. 90 टक्के खात्री हवी तर 230 खेपा लागतात. एक खेप 100 रुपयांना पडते असं धरलं, तर 23 हजार. तेवढ्यात एक बरा फोन येतो.

काही गेममध्ये ‘पिटी’ असते, म्हणजे ठरावीक खेपांनंतर मोठं बक्षीस नक्की. ऐकायला दयाळू वाटतं, पण 60 खेपा झाल्यावर ‘आता थोडक्यासाठी कशाला सोडायचं’ असं वाटायला लावणारी तीच सोय आहे.

कायदा काय म्हणतो

इथे खरी गंमत आहे. नव्या कायद्यानुसार पैशाचा गेम म्हणजे ज्यात पैसे किंवा ‘इतर पण’ लावून, त्या बदल्यात आर्थिक ‘आणि इतर’ लाभ जिंकायची अपेक्षा असते तो. कौशल्य की नशीब, याने फरक पडत नाही. ‘इतर पण’ या शब्दांत पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन, आभासी वस्तू, सगळं येतं. म्हणजे विकत घेतलेले जेम्स त्यात बसतात असं म्हणता येईल. पण त्यातून मिळालेला सेनापती हा ‘लाभ’ आहे का? तो गेमच्या बाहेर येत नाही, त्याचे पैसे होत नाहीत. गेम कंपन्यांची ढाल हीच असणार.

दुसरीकडे कायदा ज्यांना मोकळीक देतो, त्या ‘सोशल गेम’ना वर्गणी किंवा एकदाच घेतलेलं प्रवेशशुल्क चालतं, ते पण लावल्यासारखं नसेल तर. गाचा ना वर्गणी, ना प्रवेशशुल्क. मधल्या फटीत अडकलेली तिसरीच गोष्ट आहे. माझ्या मते कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रमी आणि फँटसी क्रिकेट होतं, गाचा नव्हता.

बाहेर यावर भांडणं होऊन गेली आहेत. जपानने 2012 मध्येच गाचाचा एक प्रकार बंद पाडला. ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवला की आणखी मोठं बक्षीस, असा तो होता. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये पैसे देऊन उघडायच्या लूट बॉक्सना जुगार ठरवलं, आणि निन्टेंडोने 27 ऑगस्ट 2019 ला फायर एम्ब्लेम हिरोज तिथून काढून घेतला. शेजारच्या नेदरलँड्समध्ये मात्र 2022 मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने फिफा गेमसाठी ईए कंपनीवर लावलेला दंड रद्द केला.

आपल्याकडे ठिणगी पडेल ती अकाउंट विक्रीतून, असं मला वाटतं. दुर्मिळ सेनापती असलेलं अकाउंट टेलिग्रामवर रोख पैशांत विकलं, की ‘याचे पैसे होत नाहीत’ हा युक्तिवाद लंगडा पडतो. बहुतेक गेमच्या नियमांत अशी विक्री निषिद्ध असते. त्यामुळे पैसे देऊन घेतलेलं अकाउंट उद्या बंद झालं, तर दाद मागायला जागा नाही. कुठला गेम पैशाचा, हे चौकशी करून ठरवायचा अधिकार कायद्याने एका प्राधिकरणाला दिला आहे. अर्ज आला तर किंवा स्वतःहूनही ते ठरवू शकतं.

तोवर तुमच्या हातात काय आहे? गेममध्ये सोडतीच्या पानावर शक्यतेचे टक्के शोधा. ते दाखवणं अॅपलने 2017 पासून आणि गुगलने 2019 पासून बंधनकारक केलंय. बारीक अक्षरात, एखाद्या छोट्या आयकॉनमागे असतात, पण असतात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पडताळणीचा पर्याय चालू करा. घरातल्या धाकट्याच्या हातात तुमचा फोन जात असेल तर आजच. आणि चुकून पैसे गेलेच, तर गुगलकडे परताव्याची विनंती 48 तासांच्या आत करायची. नंतर थेट गेम कंपनीच्या दारात जावं लागतं.