बदलून टाका!

नाडी न बघताच वैद्यानं ‘पेशंट बदला’ म्हणावं, तशी आमच्या ब्रेकवाल्यांची तऱ्हा आहे. माझा भाचा नोकरीपायी नोएडात असतो आणि जवळच्या बुद्ध सर्किटवर, म्हणजे २०११ साली सुरू झालेल्या त्या पाच किलोमीटरहून जरा लांब ट्रॅकवर, अधूनमधून गाडी पिटाळतो. (मुलीकडच्यांना हे अजून सांगितलेलं नाही.) ब्रेक दाबला की पेडल थरथरतं, म्हणून गॅरेजात गेला. चाक काढायच्या आधीच निकाल: ‘डिस्क वाकली, पॅड संपले, बदलून टाका!’

अहो, पण संपले कसे, ते बघाल की नाही? आतला पॅड पापड आणि बाहेरचा भाकरी, असं असेल तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या आधी तपासा. त्या अडकल्या असतील, तर नवे पॅडही त्याच वाटेनं जाणार. थरथरीचं म्हणाल, तर पुष्कळदा डिस्क वाकलेली नसतेच. तापलेल्या पॅडचा थर तिच्यावर कुठं जाड, कुठं पातळ चिकटलेला असतो. आणि पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं, तर ब्रेक ऑइल बघा. डॉट ४ जातीचं ताजं ऑइल २३० अंशांपर्यंत तरी उकळत नाही. हवेतलं पाणी पिऊन जुनं झालेलं १५५लाही उकळू शकतं. मग नळीत वाफ. पाय दाबतो, वाफ दबते, गाडी मात्र थांबत नाही. समोर वळण!

जुने पॅड मागितले, तर म्हणे भंगारात गेले. म्हणजे पंचनाम्याआधीच दहन! भाच्याला बजावलंय, डावा-उजवा, आतला-बाहेरचा अशा खडूच्या खुणा करून पॅड हातात मिळेपर्यंत मजुरीचा रुपया सोडू नकोस.