कान पाहा, श्वासही ऐका

कुत्रे पाळणे म्हणजे घरात एक माणूस वाढवणे. म्हणून निवड डोळसपणे करावी. इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉर्विच टेरियर आणि नॉरफोक टेरियर या दोन जाती पाहून भलेभले चकतात. दोन्ही उंचीने जेमतेम १० इंच, अंगावर राठ केस, मूळ काम एकच, उंदीर मारण्याचे. तिथल्या केनेल क्लबने १९३२ साली दोघांना एकच जात म्हणून मान्यता दिली आणि १९६४ साली वेगळे केले. फरक कानांचा. नॉर्विचचे कान उभे, नॉरफोकचे पुढे दुमडलेले. मात्र जन्मतः दोघांचेही कान पडलेलेच असतात; नॉर्विचचे काही आठवड्यांनी उभे राहतात. तेव्हा लहान पिल्लू घेताना त्याचे आईबाप पाहावेत.

पण कानावरून जात कळते, तब्येत नव्हे. नॉर्विचमध्ये श्वासाचा त्रास, तर नॉरफोकमध्ये हृदयाच्या झडपेचा आजार आढळतो. आईबापांना थोड्या धावण्याने धाप लागते का, डॉक्टरांनी हृदय तपासले का, हे विचारायला लाजू नये. पुढे दवाखान्याचा खर्च आपल्याच पगारातून जायचा असतो. रूपाचे कौतुक चार दिवसांचे. सोबत मात्र १२-१५ वर्षांची!