मधुचंद्राचे अंदाजपत्रक

चातुर्मास संपला की समाजात विवाहकार्यांची लगबग सुरू होते. एके काळी लग्नानंतर नवदांपत्याने कुंथलगिरी किंवा गजपंथा येथे जाऊन दर्शन घ्यावे आणि फार तर महाबळेश्वरी चार दिवस काढावेत, एवढीच पद्धत होती. आता साखरपुड्याच्या दिवशीच मित्रमंडळी विचारतात, ‘परदेशात कुठे?’ या प्रश्नात गैर काही नाही. विमानप्रवास पूर्वीसारखा दुर्मीळ राहिलेला नाही आणि तरुणांनी जग पाहावे, हे योग्यच आहे. मात्र या एका प्रश्नापायी दोन्ही घरांच्या हिशेबात न दिसणारी ओढाताण होते. तालुक्याच्या गावातील एका धान्यव्यापारी कुटुंबाची हकिकत या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मुलगा वडिलांच्याच पेढीवर काम करणारा. पेढीतून मिळणाऱ्या मासिक वेतनातून त्याने तीन वर्षांत १,५०,००० रुपये केवळ या प्रवासासाठी बाजूला काढले होते. मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर; तिच्या वडिलांचे छोटे कापड दुकान. विवाह फेब्रुवारीच्या पूर्वार्धात ठरला. मुलाचा एक मित्र मालदीवला जाऊन आला होता. पाण्यावर उभारलेल्या कुटीतील त्याची छायाचित्रे पाहून मुलानेही एका पर्यटन कंपनीकडून पाच रात्रींचा दर मागवला. तो निघाला ३,२५,०००. उरलेल्या १,७५,००० रुपयांसाठी कंपनीने ‘सुलभ हप्त्यां’चा मार्ग सुचवला. दोन वर्षांची मुदत आणि १४ टक्के व्याज धरले, तर हप्ता सुमारे ८,४०० रुपयांचा आणि एकूण व्याज २६,००० रुपयांहून अधिक होत होते.

ही गोष्ट कुणाच्या तरी बोलण्यातून व्याह्यांच्या कानी गेली. त्यांनी तत्काळ निरोप धाडला, ‘कर्ज कशाला? वरची रक्कम आमच्याकडून भेट समजा.’ निरोप प्रेमाचाच होता. मुलाच्या घरीही कुणी मागणी केली नव्हती. पण मुलीला ठाऊक होते की वडिलांची एकच मोठी मुदतठेव आहे, आणि ती धाकट्या भावाच्या अभियांत्रिकीच्या शुल्कासाठी राखलेली आहे. ती मुदतीपूर्वी मोडली तर व्याज घटेल आणि जूनमध्ये शुल्क भरताना पुन्हा उसनवारी करावी लागेल. तिने त्या रात्री बराच वेळ विचार केला आणि दुसऱ्या दिवशी भावी पतीस फोन केला. “तुमचे दीड लाख आहेत, तेवढ्यात बसेल ते ठिकाण आपण शोधू. पप्पांची ठेव मोडून मला समुद्र बघायचा नाही,” एवढेच ती म्हणाली. क्षणभर मुलाला अवघडल्यासारखे झाले, कारण मित्रांना त्याने मालदीवचे नाव सांगून टाकले होते. तरीही रविवारी दोघे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसमवेत वही घेऊन बसले.

त्यांनी अवलंबलेली रीत अनुकरणीय आहे. सामान्यतः आधी ठिकाण ठरते आणि मग पैसे शोधले जातात. येथे आधी रक्कम ठरली. त्यातून दहा टक्के राखीव म्हणून बाजूला काढले आणि उरलेल्या रकमेपुढे चार प्रश्न मांडले: त्या दिवसांत तेथे हवामान कसे असते, आपल्या आहाराची सोय कशी होईल, प्रवेशपरवान्याची अट काय, आणि विमानभाडे एकूण रकमेचा किती भाग खाईल?

हवामानाच्या प्रश्नाने यादी बरीच आटोपशीर झाली. बालीत साधारण नोव्हेंबर ते मार्च हा पावसाळा असतो. फेब्रुवारीत तेथे जाणाऱ्यास स्वस्त खोली मिळेल, पण समुद्रकिनारा खिडकीतूनच पाहावा लागेल. मॉरिशस आपल्याला जवळचे; तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेला मराठी समाज आहे आणि गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते. परंतु जानेवारी ते मार्च हा तेथे चक्रीवादळांचा काळ, आणि भाडेही जड. श्रीलंकेचा दक्षिण व पश्चिम किनारा डिसेंबर ते मार्च कोरडा व प्रसन्न असतो, तर पूर्वेकडील त्रिंकोमालीचा किनारा मे ते सप्टेंबर या काळात. थायलंड व मध्य व्हिएतनाम ही दोन्ही ठिकाणे फेब्रुवारीस अनुकूल. युरोपचा विचार शेंगेन प्रवेशपरवान्याच्या माणशी ९० युरो शुल्कापाशीच थांबला.

आहाराचा प्रश्न आजीने उपस्थित केला. त्यांनी स्वतः दिग्व्रत घेतलेले असल्याने देशाबाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता, परंतु नातसुनेला त्यांनी विचारले, “तिथे सूर्यास्त कधी होतो गं?” प्रश्न भाबडा वाटला, तरी नियोजनाच्या दृष्टीने तो नेमका होता. युरोपात उन्हाळ्यात सूर्य रात्री नवाच्या पुढे मावळतो आणि हिवाळ्यात पाचाच्या आतच. चौविहार पाळणाऱ्याचा सारा दिनक्रम त्यावर अवलंबून असतो. व्हिएतनाममध्ये फेब्रुवारीत सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

‘शाकाहारी’ या शब्दावर विसंबणे मात्र धोक्याचे. श्रीलंकेत खोबऱ्याच्या संबोलात वाळवलेल्या माशाचा चुरा पुष्कळदा असतो. थायलंड व व्हिएतनाममध्ये माशाचा रस मिठासारखा वापरतात. इंडोनेशियात तेच काम कोळंबीचे वाटण करते. मालदीवच्या लोकवस्तीच्या बेटांवर अतिथीगृहे रिसॉर्टपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात आणि तेथे मद्यविक्रीला बंदी असते, ही आपल्या कुटुंबांना रुचणारी बाब. परंतु तेथील स्वयंपाक प्रामुख्याने माशांचाच. याउलट थायलंडमध्ये ‘जे’ आणि व्हिएतनाममध्ये ‘चाय’ नावाची बौद्ध परंपरेतील शाकाहारी पाकपद्धती आहे. तिच्या पारंपरिक रूपात मांसमासळीबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतात. व्हिएतनाममध्ये अनेक लोक चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी असाच आहार घेतात, हे ऐकून आजींना आपल्या अष्टमी-चतुर्दशीची आठवण झाली. तरीही बटाटा, गाजर, अळंबी यांची चौकशी करावीच लागते. म्हणून त्या मुलीने काय चालत नाही याची यादी स्थानिक भाषेत लिहून घेतलेली एक चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि सामानात खाकरे, दशम्या, मेतकूट, मुगाची डाळ व छोटा विजेचा कुकर घेतला.

निवड व्हिएतनामची झाली. तेथील नववर्ष, म्हणजे ‘तेत’चा सण, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही येतो. त्या दिवसांत अनेक दुकाने बंद असतात आणि गाड्यांना गर्दी होते. म्हणून सण उलटून गेल्यावरची तारीख धरली. वहीतील नोंद पुढीलप्रमाणे होती. मुंबईहून जाण्या-येण्याचे विमानभाडे ५६,०००, दोघांचे ई-व्हिसा ४,५००, सहा रात्रींचा निवास २१,०००, देशांतर्गत प्रवास १२,०००, भोजन १५,०००, स्थलदर्शन १४,०००, प्रवास विमा २,०००, खरेदी व भेटवस्तू १०,०००, राखीव १५,०००. एकूण १,४९,५००. विमानभाडेच एक तृतीयांशाहून अधिक असल्याने तिकिटे दोन महिने आधी काढली आणि इतर खर्च त्याभोवती बसवला.

कागदपत्रांच्या बाबतीत एक चूक होता होता टळली. मुलाने उत्साहाच्या भरात वधूच्या तिकिटावर सासरचे आडनाव लिहिले होते. तिकीट, ई-व्हिसा आणि पासपोर्ट या तिन्हींवरील नाव अक्षरशः एकच असावे लागते. त्यामुळे पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर मधुचंद्राचा प्रवासही त्याच नावाने करावा. नाव बदलण्याची घाई नसावी. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक आहे, हेही आधीच पाहावे. व्हिएतनामचा एकेरी प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरला शासकीय संकेतस्थळावर मिळतो. अर्जात चूक झाल्यास शुल्क परत मिळत नाही. नेपाळ व भूतानला भारतीयांस व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रही चालते. मात्र भूतानमध्ये सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पर्यटकास प्रतिरात्र १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते, ते अंदाजपत्रकात विसरू नये.

पैशांच्या बाबतीत व्यापारी घरांस अधिक सांगणे नलगे, तरी काही मुद्दे ध्यानी असावेत. परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास विक्रेता त्यावर करसंग्रह करतो. ऑक्टोबर २०२० पासून ही तरतूद लागू आहे आणि तिचे दर अर्थसंकल्पांत बदलत आले आहेत. ही रक्कम खर्ची पडत नाही. विवरणपत्र भरताना ती करातून वजा होते किंवा परत मिळते. म्हणून ज्याच्या नावे विवरणपत्र भरले जाते, त्याचाच पॅन द्यावा. केवळ विमानाचे तिकीट किंवा केवळ खोली घेतल्यास ते पॅकेज ठरत नाही. परकीय चलन अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. रोख रुपये देऊन ५०,००० पर्यंतच चलन घेता येते, त्यावर धनादेश किंवा खात्यातून रक्कम द्यावी लागते. क्रेडिट कार्डावर परदेशात बहुधा दोन ते साडेतीन टक्के अधिभार लागतो. दुकानदाराने ‘रुपयांत आकारू का?’ असे विचारल्यास नकार देऊन स्थानिक चलनातच रक्कम भरावी, कारण रुपयांचा तो दर महाग पडतो. व्हिएतनामच्या नोटांवरील शून्यांकडेही लक्ष असावे. २०,००० आणि ५,००,००० दोंगच्या दोन्ही नोटा निळसर असून घाईत एकीऐवजी दुसरी दिली जाते.

दोघे हनोई, निन्ह बिन्ह आणि होई आन पाहून आली. होई आनच्या जुन्या वस्तीत नदीकाठी कंदील लागण्यापूर्वीच त्यांचे जेवण आटोपलेले असे, त्यामुळे गर्दी हॉटेलांत बसलेली असताना त्यांना रस्ते मोकळे मिळत. राखीव १५,००० पैकी ४,००० खर्च झाले. एके दिवशी पाऊस आला आणि टॅक्सी करावी लागली, एवढेच निमित्त.

परतल्यानंतर पहिल्या रविवारी जावई सासऱ्यांच्या दुकानी गेला. आजींसाठी आणलेली रेशमी शाल दाखवून झाल्यावर त्याने हळूच विचारले, “पप्पा, ठेवीची मुदत कधी संपते?” सासरे म्हणाले, “एकोणतीस मेला.” मग दोघांनी मिळून मेहुण्याच्या महाविद्यालयाचे शुल्कपत्रक उघडले आणि पेन्सिलीने बेरीज करण्यास आरंभ केला.