पाल पाळावी की टाळावी?

आमच्या घरात पालीवरून दोन पक्ष आहेत. सौ.चा पक्ष ‘आधी ती बाहेर जाऊ दे, मग चहा मिळेल’ असा. चिरंजिवांचा पक्ष ‘आणखी एक विकत आणा’ असा. मी पडलो बँकेतला कारकून. दोन्ही सह्या जुळल्याशिवाय कागद पुढे सरकवत नाही.

चिरंजिवांना हवा होता लेपर्ड गेको. म्हणजे पिवळ्या अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली पालच. पुण्यातल्या दुकानदाराने आधी त्याची किंमत सांगितली. मग काचपेटीची, खालून ऊब देणाऱ्या गादीची, तापमापकाची, जिवंत किड्यांची आणि किड्यांवर भुरभुरायच्या कॅल्शियमच्या पुडीची. शिवाय किड्यांना खायला वेगळं गाजर! बी.कॉम.ला असा खर्च कोणत्या खात्यावर टाकतात ते शिकवलं नव्हतं.

“आणि जगतो किती?” मी विचारलं.

“नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं, साहेब.”

मला निवृत्त व्हायला तेरा वर्षं आहेत. चिरंजीव शिकायला परगावी जाणार, सौ. त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. म्हणजे उतारवयात पालीसाठी रातकिडे आणायला कोण जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

प्रश्न लांबणीवर टाकून मी मे महिन्यात सासुरवाडीला गेलो. सासुरवाडी राळेगणसिद्धी, तालुका पारनेर. एकेकाळचं कोरडं ठणठणीत गाव. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून परतले आणि पुढे गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी अशी पंचसूत्री धरली. पाणी अडवलं, झाडं राखली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण राखलेल्या झुडपांत माणसांखेरीज आणखी कोणाची सोय झाली, ते मला चिरंजिवांनी दाखवलं. गवताच्या काडीचा फास करून त्यांनी सरडा धरला आणि प्लॅस्टिकच्या डब्यात घातला.

मेहुण्याने डबा पाहिला. “दाजी, पोराला सोडायला सांगा. ह्या डोंगरावर कुऱ्हाड बंद केली, शेळी बंद केली, ती काय ह्याला डब्यात कोंडायला?”

डबा उन्हात तापला होता. सरडा आ वासून बसला होता. मी काहीच बोललो नाही, कारण तो फास मला ओळखीचा होता. त्याच्या वयाचा असताना मीही सरडे धरले आहेत, आणि माझे सरडे डब्यापर्यंतही पोहोचले नाहीत. दगड जवळ असायचे. त्यात शौर्य वाटायचं.

तेव्हा आता स्पष्टच बोलतो. पाल पाळणारे म्हणतात, आमचं प्राण्यांवर प्रेम आहे. असेल. पिंजऱ्यातच जन्मलेला गेको नीट सांभाळणारी माणसं आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ज्या लेपर्ड गेकोसाठी आपण काचमहाल बांधतो, त्याचा सख्खा चुलतभाऊ आपल्याच महाराष्ट्रातल्या माळरानावर राहतो. तसाच ठिपक्यांचा, तसाच पापण्या मिटणारा, रात्री दगडाखालून निघून किडे टिपणारा. विष त्याच्या अंगात थेंबभर नाही. तरी दिसला की लोक विषारी म्हणून ठेचतात. एका भावाला गादी आणि दुसऱ्याला दगड, हे कसलं प्रेम? हा तर आयात मालाचा शौक!

घोरपडीचीही तीच कथा. तानाजीच्या दंतकथेत तिला सिंहगड चढवायचा, आणि रस्त्यावर तिचं तेल गुडघ्याला चोळायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत आहे. धरणं, पाळणं, विकणं सगळं गुन्हा. हिरवा इग्वाना परदेशी, पण तोही साइट्स कराराच्या यादीतला. घरी असेल तर सरकारदरबारी नोंद हवी. शिवाय हातभर म्हणून आणलेला इग्वाना वाढून पाच फुटांचा होतो आणि दोन खोल्यांच्या घरात भाडेकरूसारखा पसरतो.

२०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणाऱ्या सरड्यांच्या एका नव्या गटाला शास्त्रीय नावच दिलं ‘सरडा’, आपल्या मराठीतलं. त्यातली एक जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची. जगाच्या दप्तरात आपला सरडा चढला, आणि आपण मात्र रंग बदलणाऱ्या पुढाऱ्याला शिवी द्यायचीच त्याची आठवण काढतो.

मेहुण्याचं ऐकून चिरंजिवांनी डब्याचं झाकण उघडलं. सरडा क्षणभर थबकला आणि करवंदीच्या जाळीत शिरला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण हिणवून म्हणतो. काचपेटीत त्याचं कुंपण चार बोटांवर येतं, हा विचार त्या म्हणीत नाही. राळेगणच्या पंचसूत्रीत मला विचारलं तर मी सहावं सूत्र घालीन: धरबंदी. जनावर आवडलं तर त्याची जागा राखा.

परत आल्यावर चिरंजिवांनी ट्यूबलाइटमागच्या पालीची वही सुरू केली आहे. ती किती वाजता येते, किती किडे खाते, शेपटी तुटली तर किती दिवसांत वाढते. खर्च शून्य, विजेचं बिल तसंही मीच भरतो.

सौ. अजून विरोधी पक्षात आहे. परवा मी म्हटलं, “पाल राहू दे, डास कमी होतात.” तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, चुक् चुक् चुक्. सौ. म्हणाली, “बघा, तिलाही तुमचं पटत नाही.”

मी मात्र ते अनुमोदन धरलं आहे.