पगाराची ऊब

थंडीत धावणाऱ्यांचे कौतुक करायला आपल्याला फारसे काही लागत नाही, कारण आपली थंडी हाच धावण्याचा हंगाम. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत ठेवतात ती घाम कमी यावा म्हणून. युकी कावाउची या जपानी धावपटूची थंडी वेगळी होती. 1 जानेवारी 2018 रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्शफील्ड गावी तो मॅरेथॉन धावला, तेव्हा पारा उणे 17 अंशांच्या आसपास होता. वेळ लागला 2 तास 18 मिनिटे 59 सेकंद. बक्षिसाची ओढ नव्हती. 2 तास 20 मिनिटांच्या आत संपवलेल्या मॅरेथॉनच्या आपल्या यादीत त्याला आणखी एकीची भर घालायची होती.

पुढे 16 एप्रिलला त्याच राज्यात बॉस्टन मॅरेथॉन झाली. समोरून बोचरा वारा, वरून गारठवणारा पाऊस. नामांकितांपैकी अनेकांनी वाटेतच शर्यत सोडली. गतविजेता आणि जगज्जेता जेफ्री किरुई बराच पुढे होता. अखेरच्या टप्प्यात कावाउचीने त्याला गाठले, मागे टाकले आणि 2 तास 15 मिनिटे 58 सेकंदांत जिंकला. जिंकला कोण, तर सैतामा प्रांतातल्या सरकारी शाळेच्या कचेरीतला पूर्णवेळ कर्मचारी!

इथे जिद्दीवर प्रवचन झोडायचा मोह होतो. पण ज्यांनी शर्यत सोडली ते काही लेचेपेचे नव्हते. व्यावसायिक धावपटू वर्षाला दोन-तीनच मॅरेथॉन धावतो आणि त्यावर त्याचे घर चालते. गारठून पाय कायमचा दुखावला तर पुढचा हंगाम कोण भरून देणार? अशा वेळी थांबणे हा रोकडा हिशेब असतो. कावाउची वर्षाकाठी डझनभर मॅरेथॉन धावायचा. एखादी फसली तरी महिनाअखेरचा पगार ठरलेला. जपानमध्ये चांगला धावपटू सहसा एखाद्या कंपनीच्या संघात जातो, प्रशिक्षकाच्या हाताखाली राहतो. याने ती वाट नाकारली. बरीच वर्षे त्याची कचेरी दुपारी सुरू होऊन रात्री सुटे, म्हणून सकाळ त्याची स्वतःची. सराव दिवसातून एकदाच. हट्टीपणा त्याचा होताच, पण तो परवडला नोकरीमुळे. त्याच दिवशी महिलांमध्ये दुसरी आलेली सारा सेलर्स हीसुद्धा पूर्णवेळ परिचारिका होती, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यावा असे वाटत नाही.

मात्र नोकरीचे गोडवेही मर्यादेत गायला हवेत. बॉस्टनचे दीड लाख डॉलर मिळाल्यावर त्याने नोकरी सोडायचे जाहीर केले, एप्रिल 2019 पासून तो व्यावसायिक झाला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये लेक बिवा मॅरेथॉनमध्ये 2 तास 7 मिनिटे 27 सेकंद ही कारकिर्दीतली सर्वोत्तम वेळ त्याने दिली. नोकरीने हिंमत दिली, वेग दिला तो मोकळ्या वेळाने.

आपल्याकडे गाडी उलटी जुंपलेली. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत 5 टक्के जागा राखीव आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. पण आधी पदक, मग प्रमाणपत्र, मग त्याची पडताळणी, आणि एवढे झाल्यावर नोकरी. म्हणजे सरावाची ऐन वर्षे गेल्यावर. ज्या वयात पोरगी पहाटे डांबरी रस्त्यावर एकटी धावते त्या वयात तिच्या घरी येतो तो सल्ला : हे पुरे, आता भरतीची तयारी कर. पोलीस भरतीतही धावावेच लागते, पण ते भरतीपुरते. एकदा वर्दी अंगावर चढली की पुढचे धावणे ड्युटीच्या पाळीवर. क्रीडा खात्याला खरोखर काही करायचे असेल, तर नोकरीत असलेल्या धावपटूंना दुपारची पाळी मागण्याची सोय द्यावी. त्याला ना स्टेडियम लागते, ना उद्घाटनाची कोनशिला. बहुधा म्हणूनच ते कोणाला सुचत नाही.