गाडी जरूर थांबवा, पण पावती द्या

बालाघाट जिल्ह्याची चूल ट्रकवर पेटते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. भरवेलीचे मँगनीज, मलाजखंडचे तांबे, वारासिवनीचा तांदूळ, जंगलातला बांबू यांपैकी बराचसा माल रस्त्यानेच बाहेर पडतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण आणि गोंदियाकडची मंडळी एकाच प्रांतात होतो. आज मध्ये हद्द आहे. हद्द आली की तपासणी आली, आणि तपासणी आली की ''ए, गाडी बाजूला घे'' हे आलेच.

तपासणीला आमचा विरोध नाही. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी त्यांच्याच गावात हत्या केली, हे हा जिल्हा विसरलेला नाही. सुरक्षेसाठी अपरात्री गाड्या थांबल्या, ताडपत्र्या सुटल्या. लोकांनी ते समजून घेतले. डिसेंबर २०२५ मध्ये बालाघाटात नक्षलवाद्यांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. आता तरी सुरक्षा कुठे संपते आणि वसुली कुठे सुरू होते, ही रेघ स्पष्ट व्हायला हवी.

वसुली ही आमची कल्पना नव्हे. सेव्हलाईफ फाउंडेशनच्या २०२० च्या पाहणीत ८२ टक्क्यांहून अधिक चालक-मालकांनी शेवटच्या फेरीत रस्त्यावर लाच दिल्याचे सांगितले. मध्य प्रदेशच्या परिवहन नाक्यांवरील वसुलीबद्दल केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२२ मध्ये राज्य सरकारला पत्र लिहिले. १ जुलै २०२४ पासून हे नाके बंद झाले. निर्णय स्वागतार्हच. पण नाका उठला म्हणून पुढे केलेला हात मागे जातोच असे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या सिवनी जिल्ह्यात रात्री गाडी अडवून जालन्याकडे निघालेली रोकड लाटल्याच्या आरोपावरून अधिकाऱ्यासह पोलिसांवरच गुन्हा दाखल झाला. खरेखोटे न्यायालय ठरवील. मात्र नोंदीविना झालेली तपासणी प्रवाशाला घातक आणि प्रामाणिक शिपायालाही घातक, एवढा धडा आजच घेता येतो.

पैशाइतकाच प्रश्न मानाचा आहे. जानेवारी २०२४ च्या चालकांच्या संपात शाजापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी भर बैठकीत एका चालकाची 'औकात' काढली. सरकारने त्यांना लगेच हटवले, ते योग्यच झाले. परंतु रस्त्यावर रोज निघणाऱ्या औकातीचे चित्रीकरण कोण करतो?

म्हणून आपल्या चालक बांधवांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार पोलिसाला परवाना दाखवणे बंधनकारक आहे. पण मागणारा पोलीस गणवेशात असला पाहिजे.

२. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील कागदपत्रे नोव्हेंबर २०१८ पासून ग्राह्य आहेत. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनुसार तपासणीची वेळ आणि तपासणाऱ्याची ओळखही पोर्टलवर नोंदवायची आहे.

३. कलम २०६ खाली परवाना ताब्यात घेतला, तर त्याची तात्पुरती पोच मिळालीच पाहिजे. जास्त वजनाचा संशय असेल, तर कलम ११४ नुसार गाडी वजनकाट्यावर नेता येते. नुसत्या नजरेने टन मोजता येत नाहीत.

४. झडती घेऊन माल जप्त केला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार त्याचे चित्रीकरण आणि यादी आवश्यक आहे.

हे सारे नम्रपणे सांगावे. रस्त्यात हुज्जत घालू नये. दिनांक, वेळ, ठिकाण आणि छातीवरील नावाची पट्टी टिपून घ्यावी व तक्रार लेखी करावी.

आमची नोकरी बँकेतली. खिडकीवर दहा रुपये भरले तरी शिक्क्याची पावती द्यावी लागते, आणि दिवसअखेर हिशेब जुळेपर्यंत घरी जाता येत नाही. मग रस्त्यावर घेतलेल्या पाचशेचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला जातो? तो चालकाच्या भत्त्यातून जातो, म्हणजे त्याच्या मुलाच्या फीमधून जातो.

मालकांनाही दोन शब्द. दहा टनांच्या गाडीत चौदा टन भरायला लावायचे आणि पकडल्यावर ''तू बघून घे'' म्हणायचे, हा व्यवहार नव्हे. लाचेची पहिली वाट आपल्याच गोदामातून निघते. गाडी नियमात असेल तरच चालकाला ताठ मानेने पावती मागता येईल.

प्रशासनाकडे आमची मागणी साधी आहे: प्रत्येक तपासणीच्या जागी अधिकाऱ्याचे नाव, दंडाचे दर आणि तक्रारीचा क्रमांक हिंदीत व मराठीत ठळक लावावा, आणि रोख घेणे बंद करावे. मंडळाच्या सभासदांनी या मागणीवर सह्या कराव्यात. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, आधी हा प्रश्न विचारावा. दळणवळण थांबले तर जिल्हा थांबतो. ते चालवणाऱ्याला चोर समजून चालणार नाही.