लहान तोंडी मोठं विष?

कॅलिफोर्नियातल्या डोंगरवाटांवर फिरणाऱ्यांच्या कानी एक सल्ला हमखास पडतो: मोठ्या रॅटलस्नेकपेक्षा त्याच्या पिल्लाला जास्त भ्या. मोठा साप विष जपून वापरतो, पिल्लाला तेवढा ताबा नसतो, ते चावलं की असेल नसेल ते सगळं विष ओतून मोकळं होतं, अशी पुष्टीही जोडली जाते. जाणत्या म्हणवणाऱ्यांच्याही तोंडी हे वाक्य असतं, म्हणून ते खरं वाटतं.

पूर्वपक्ष अगदीच हवेतला नाही. स्टीफन मॅकेसी यांनी 1988 मध्ये पॅसिफिक किनाऱ्याकडच्या रॅटलस्नेकच्या विषात वयानुसार काय बदल होतात, ते दाखवून दिलं. तेवढ्याच वजनाचं विष घेतलं, तर पिल्लाचं अधिक जहाल निघतं. प्रतिपक्षाचं एवढं म्हणणं बिनशर्त मान्य. मात्र इथून ‘म्हणून पिल्लाचा दंश अधिक घातक’ अशी जी उडी मारली जाते, तिच्याखाली जमीन नाही. प्रयोगशाळेत विष तोलून टोचतात. साप तोलून चावत नाही.

ताब्याचा मुद्दा तर आणखी कच्चा. साप विषाची मात्रा खरंच ठरवून सोडतो की नाही, यावर अभ्यासकांतच वाद आहे. विल्यम हेझ म्हणतात, सोडतो. ब्रूस यंग वगैरेंनी त्यावर आक्षेप घेतला. पण तो वाद बाजूला ठेवू आणि घटकाभर मानू, की पिल्लाला कसलाच ताबा नसतो. मग काय झालं? वाटी पालथी घातली तरी हंड्याइतकं पाणी सांडत नाही. पिल्लाच्या ग्रंथीत विष असतं जेमतेम काही मिलिग्रॅम; मोठ्या वेस्टर्न डायमंडबॅक रॅटलस्नेककडे ते शेकडो मिलिग्रॅम असतं. लोमा लिंडा विद्यापीठात वर्षानुवर्षं रॅटलस्नेकवर काम केलेल्या हेझ यांच्या हिशेबानं प्रौढ साप पिल्लाच्या वीस ते पन्नास पट विष टोचतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दंशांच्या नोंदीही तेच सांगतात: साप जितका मोठा, तितका रुग्ण अधिक गंभीर.

मग पिल्लाचं विष वेगळं का? उत्तर त्याच्या पोटात आहे. पॅसिफिक किनाऱ्याकडची पिल्लं मुख्यतः पाली-सरड्यांवर जगतात. हाती लागलेला सरडा कपारीत पळाला तर पिल्लू उपाशी, म्हणून विष झटपट गारद करणारं हवं. मोठे साप उंदीर-खारींकडे वळतात, तसं विषही पालटतं: रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरणारी मेटॅलोप्रोटीनेज ही विकरं मॅकेसींना प्रौढांत सुमारे पाचपट आढळली. मोठं भक्ष्य आतून लवकर पचावं म्हणून हा बदल, असं पूर्वी छातीठोकपणे सांगत. 2007 मध्ये मार्शल मॅकक्यू यांनी वेस्टर्न डायमंडबॅकवर ते तपासलं, तर विषानं पचन सुधारल्याचं दिसलं नाही. गोळीबंद खुलासे सुटतात ते असे.

शिवाय सगळ्या रॅटलस्नेकना एकच नियम लागू नाही. कोलोरॅडो, युटा, वायोमिंगकडचा ‘मिजेट फेडेड’ हा छोटेखानी रॅटलस्नेक मोठेपणीही पिल्लाच्याच धाटणीचं जहाल विष बाळगतो. मध्य अमेरिकेतल्या क्रोटॅलस सायमस या रॅटलस्नेकची गोष्ट याच्या उलट. त्याच्या नवजात पिल्लात चेतासंस्थेवर घाला घालणारं क्रोटॉक्सिन सापडतं, प्रौढात रक्तस्राव घडवणाऱ्या घटकांचा जोर असतो. पिल्लांच्या विषाचा अभ्यास करायचा तो यासाठी. प्रौढांच्या ज्या विषावरून प्रतिविष तयार केलं, त्यातच एखादा घटक नाममात्र असेल, तर त्या घटकाला ते प्रतिविष पुरेसं पडेल हे गृहीत धरता येत नाही.

हे वाचून कुणी पिल्लू उचलायला धजावेल, तर तो दुसऱ्या टोकाचा अडाणीपणा. पिल्लू जन्मतःच विषारी असतं, त्याच्या दंशालाही तातडीनं रुग्णालय गाठावंच लागतं. आणि त्याच्या शेपटीवर सुरुवातीला एकच गुंडी असते. कात टाकून आणखी कड्या जुळेपर्यंत खुळखुळा वाजत नाही. इशारा न देणाऱ्या सापावर पाय पडण्याचा हा धोका खरा आहे, तो सांगायला विषाबद्दलची थाप लागत नाही. उलट त्या थापेनं नुकसानच होतं: चावणारा साप मोठा होता एवढ्यावर निर्धास्त झालेला माणूस गाडीकडे जायचं सोडून सावलीत बसून राहतो.